मक्याच्या शेतातली शाळा

मेक्सिको शहरात शिक्षण खात्याची एक जुनी इमारत आहे. तिला दोन चौक आहेत. आपल्याकडच्या वाड्यासारखेच म्हणा: मधे मोकळं अंगण आणि भोवती मजल्यावर मजले चढलेल्या ओवऱ्या. या ओवऱ्यांच्या भिंती १९२३ ते १९२८ या काळात दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने रंगवून काढल्या. अगदी वरच्या मजल्यावर एक चित्र आहे, त्याचं नाव ‘आमची भाकर’. मेजाभोवती साधी माणसं बसली आहेत, त्यांत लेकरंही आहेत. मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली एक बाई उभी आहे. आणि मधोमध एक सावळा माणूस भाकर मोडून वाटतो आहे. रिव्हेराने त्या माणसाला ज्याचा चेहरा दिला, तो वर्ध्याचा होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वाशिमच्या माणसाला वर्धा काही परका मुलूख नाही. कारंजा, दारव्हा, यवतमाळ करत दिवसभरात जाऊन येता येतं. तरीही या सभागृहात आज किती जणांना हे नाव माहीत आहे, असं विचारलं तर वर जाणारे हात थोडेच असतील. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. म्हणून आजचा विषयही शाळेचाच: परमुलखात जाऊन, तिथली भाषा शिकून, शेतकऱ्यांसाठी शाळा काढणाऱ्या माणसाचा. आणि त्याच्यावर व्हायला हव्या अशा चित्रपटाचा. तो चित्रपट मराठीत कसा व्हावा, त्यात कशाला किती जागा मिळावी, हा या व्याख्यानाचा खरा मुद्दा आहे.

खानखोज्यांच्या पहिल्या चाळीस वर्षांत दिग्दर्शकाला मोह पडावा असं पुष्कळ आहे. जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. शिक्षण वर्धा-नागपूरचं. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेलं ते वय. विशीच्या सुरुवातीलाच हा मुलगा देश सोडून निघाला तो जपानला, तिथून अमेरिकेला. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस इथल्या सैनिकी शाळेत त्याने लष्करी शिक्षण घेतलं. पुढे ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत तो शेतकी शिकला. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजी सत्तेविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली, तिच्या पहिल्या फळीत तो होता. पहिलं महायुद्ध पेटल्यावर तो इराणात पोहोचला आणि तिथल्या टोळीवाल्यांच्या बरोबरीने इंग्रजांशी लढला. मग बर्लिन. १९२१ मध्ये मॉस्को. आणि १९२४ मध्ये मेक्सिको.

बंदुका, बोटी, खोटी नावं, वाळवंटातला पाठलाग. एवढ्यावर अडीच तासांचा चित्रपट सहज निघेल आणि शेवटच्या दहा मिनिटांत मेक्सिको उरकून टाकता येईल. भीती नेमकी याचीच आहे. कारण खानखोज्यांनी आयुष्याची सर्वांत जास्त सलग वर्षं दिली ती शेताला आणि फळ्याला. बंदुकीचा चित्रपट करणं सोपं असतं, तिचा आवाजच प्रेक्षकाला धरून ठेवतो. शाळेत आवाज नसतो. तिथे एक माणूस तेच अक्षर चाळीसदा गिरवून घेतो, आणि चाळिसाव्या वेळी समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. ते टिपायला कॅमेऱ्यामागे फार धीराचा माणूस लागतो.

असा धीर भूतानच्या पावो चोयनिंग दोर्जी यांनी दाखवला. ‘लुनाना’ हा त्यांचा २०१९ चा चित्रपट. ऑस्ट्रेलियाला जाऊन गायक व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या एका तरुण शिक्षकाला सरकार हिमालयातल्या लुनाना गावी पाठवतं. कित्येक दिवसांची पायवाट. शाळेत फळा नाही, कागद नाही. शेकोटीला शेण हवं म्हणून वर्गातच एक याक बांधून ठेवतात. थंडी अडवायला खिडकीवर लावलेला कागद हा शिक्षक फाडून काढतो आणि मुलांना लिहायला वाटतो. हे दृश्य कुठल्याही भाषेतल्या शिक्षकाला कळतं. चित्रीकरणाच्या जागी वीज नव्हती, म्हणून सौरऊर्जेवर भारलेल्या बॅटऱ्यांवर काम चाललं. २०२२ मध्ये हा चित्रपट ऑस्करच्या अखेरच्या पाच नामांकनांत होता. शाळेच्या गोष्टीला प्रेक्षक नसतो, असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे.

आणि लुनानापर्यंत जायचीही गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच वाशिम जिल्ह्यातल्या एका शाळेची बातमी देशभर गेली होती. दीडशे वस्तीचं गाव, पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा, आणि पटावर विद्यार्थी एक. गुरुजीही एकच. ते रोज १२ किलोमीटरवरून यायचे, त्या एका लेकरासमोर उभे राहायचे, दोघं मिळून राष्ट्रगीत म्हणायचे, आणि मग सगळे विषय शिकवले जायचे. एका मुलासाठी शाळेचं कुलूप रोज निघायचं. बातमी वाचून पुष्कळांनी खर्चाचा हिशेब मांडला. त्या हिशेबात राष्ट्रगीताचे ते दोन आवाज कुठे धरायचे, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

खानखोज्यांकडे परत येऊ. ते मेक्सिकोत पोहोचले तेव्हा तो देश दहा वर्षांच्या रक्तपातातून नुकताच बाहेर पडला होता. १९१० मध्ये तिथे क्रांती सुरू झाली. जमीन कसणाऱ्याची, या मागणीसाठी लढलेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता १९१९ मध्ये दगा देऊन मारला गेला. १९१७ च्या राज्यघटनेने गावाच्या सामाईक जमिनीचा हक्क मान्य केला होता आणि मोठमोठ्या जमीनदाऱ्या हळूहळू फुटत होत्या. हाती जमीन येत होती, पण कागद वाचता येत नव्हता. १९२० मध्ये तिथले विचारवंत होसे वास्कोन्सेलोस यांनी निरक्षरतेविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा सरकारी तिजोरीत पगाराला पैसे नव्हते. त्यांनी लोकांनाच हाक दिली: ज्याला वाचता येतं त्याने शेजाऱ्याला शिकवावं. मानद शिक्षकांची एक फौजच उभी राहिली. बायका घराच्या पडवीत वर्ग घेऊ लागल्या. पुढच्याच वर्षी स्वतंत्र शिक्षण खातं निघालं आणि वास्कोन्सेलोस त्याचे मंत्री झाले. ज्या इमारतीपासून आपण सुरुवात केली, ती याच खात्याची.

याच सुमाराला राष्ट्रीय शेतकी शाळा राजधानीजवळच्या चापिंगोला हलवण्यात आली. चापिंगो आधी एका माजी राष्ट्राध्यक्षांची हवेली-जमीन होती. जिथे मजुरांच्या पाठीवर चाबूक चालले असतील, तिथे आता वर्ग भरू लागले. जमिनीकडून कसं घ्यावं ते शिकवायचं, माणसाकडून कसं लुबाडावं ते नाही, असा या शाळेच्या ब्रीदाचा आशय. तिथल्या जुन्या प्रार्थनाघराच्या भिंतीही रिव्हेरानेच रंगवल्या. खानखोजे या चापिंगोत प्राध्यापक झाले.

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या खेड्यात पहिल्यांदा गेला असेल तेव्हा त्याला काय दिसलं असेल? बाई मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवते, रात्रभर तसेच ठेवते, सकाळी धुऊन दगडी पाट्यावर वाटते. पाटा आपल्यासारखाच, फक्त त्याला तीन पाय. वाटलेल्या पिठाचा गोळा हातावर थापून ती तव्यावर टाकते. तवा मातीचा. भाकर म्हणावी इतकी जवळची ती चीज. चुन्यामुळे मक्यातलं जे सत्त्व एरवी अंगी लागत नाही ते लागतं, हे त्या बाईला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. तिच्या आजीला ते ठाऊक होतं.

आणि शेत? तिथे मका एकटा पेरत नाहीत. मक्याच्या धाटावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. या पद्धतीला तिथे मिल्पा म्हणतात. ज्वारीच्या पाट्यात तूर, मूग, अंबाडी धरणाऱ्या आपल्या जुन्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आज सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी धरणारा वाशिमचा शेतकरीही त्याच कुळातला.

इथे त्या चित्रपटाची सगळ्यात मोठी परीक्षा आहे. परदेशात जाऊन शाळा काढणाऱ्यांच्या गोष्टींना एक जुनी खोड असते. गाव अंधारात असतं, बाहेरचा माणूस दिवा घेऊन येतो, आणि शेवटच्या दृश्यात गाव रडत त्याला निरोप देतं. मेक्सिकोचं गाव अंधारात नव्हतं. तेओसिंते नावाच्या एका रानगवतापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या माणसांनी मका घडवला. त्या गवताचं बोटभर लांबीचं, मोजक्या कठीण दाण्यांचं कणीस हातभर करणारे लोक निरक्षर असतील, अडाणी खासच नव्हते. खानखोज्यांना हे कळलं होतं, याचा पुरावा त्यांच्या कामातच आहे. त्यांनी संशोधनासाठी मकाच निवडला, आणि त्याचा संकर त्याच रानगवताशी करून पाहिला. ज्यांना शिकवायचं त्यांच्याच घरच्या धान्यापासून त्यांनी धडा सुरू केला. मक्याबरोबरच गहू, कडधान्यं आणि रबर यांवरही त्यांनी काम केलं. थंडीला आणि दुष्काळाला टिकतील अशी वाणं काढायचा त्यांचा ध्यास होता. वर्ध्यात वाढलेल्या मुलाला दुष्काळ पुस्तकातून कळला नव्हता. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाला, तेव्हा ते बारा ते पंधरा वर्षांचे होते.

कॉलेजात शिकवणं ही नोकरी झाली. त्यापलीकडे जाऊन १९२८ च्या सुमाराला चापिंगोच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. स्पॅनिशमध्ये त्यांचं नाव ‘एस्कुएला लिब्रे दे आग्रिकुल्तुरा’. लिब्रे या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. फुकट या अर्थाचा शब्द स्पॅनिशमध्ये वेगळा आहे. लिब्रे म्हणजे मोकळी. फी नव्हती हे खरंच, पण नावात सांगितलं आहे ते मोकळेपण: या शाळेचा दरवाजा कुणाला अडवत नाही आणि शाळा कुण्या जमीनदाराची मिंधी नाही. ओकोपुल्को गावच्या अशा शाळेला सापाताचं नाव दिलं होतं. ज्याने जमिनीसाठी जीव दिला, त्याच्या नावाच्या शाळेत ती जमीन पिकवायची कशी हे शिकायचं.

आता एक धडा जवळून पाहू. मक्याचा संकर करायचा कसा? मक्याच्या एकाच ताटावर नर आणि मादी दोन्ही असतात. डोक्यावरचा तुरा नर, कमरेवरचं कणीस मादी. कणसाच्या टोकातून रेशमासारखे केस बाहेर येतात. ते बाहेर यायच्या आतच कणसावर कागदाची पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्याने कुठलाही पराग येऊन पडणार नाही. ज्या ताटाचा पराग हवा त्याच्या तुऱ्यालाही संध्याकाळी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, दव उडाल्यावर, तुरा वाकवून हलक्या हाताने झटकायचा. पिशवीत पिवळी भुकटी जमते. ती घेऊन कणसाकडे जायचं, पिशवी क्षणभर वर करायची, केसांवर भुकटी टाकायची, पिशवी पुन्हा खाली. त्यावर तारीख आणि वाणाचं नाव लिहायचं. कणसाचा एकेक केस आत एकेका दाण्यापर्यंत गेलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही, तिथे दाणा भरत नाही. अर्धवट भरलेलं कणीस प्रत्येक शेतकऱ्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं. ते तसं का राहिलं, हे त्याला ज्या सकाळी कळतं, त्या सकाळी शाळा सुरू होते. चित्रपटात हे दृश्य पूर्ण लांबीचं हवं. संवाद नसले तरी चालेल.

या कामाला एक साक्षीदार लाभली, तीही थेट सिनेमातून आलेली. टीना मोदोत्ती इटलीतल्या उदिने गावची. लहानपणापासून कष्टात वाढलेली ही मुलगी अमेरिकेत आली, हॉलिवूडच्या मूकपटांत नायिका झाली, ‘द टायगर्स कोट’ हा १९२० चा तिचा चित्रपट. पुढे पडदा सोडून ती मेक्सिकोत आली आणि तिने स्वतः कॅमेरा हाती घेतला. मोर्चातल्या शेतकऱ्यांचं तिचं एक छायाचित्र वरून घेतलेलं आहे; चेहरा जवळपास एकाचाही दिसत नाही, दिसतात फक्त गवती टोप्या, एकीला एक लागून, पाट सुटल्यासारख्या. दुसऱ्या एका छायाचित्रात काही शेतकरी एका वर्तमानपत्रावर वाकले आहेत. टोप्यांच्या कडा एकमेकांना भिडल्यात, मधे ऊन पडलेला पांढरा कागद. वाचता येणारा त्यांत एखादाच असेल, पण वाचन सगळ्यांचं चाललं आहे. खानखोज्यांची शाळा, तिथले शेतकरी आणि त्यांची मक्याची कणसं यांचीही छायाचित्रं टीनाने काढली. ती नसती तर या शाळांचा चेहरामोहरा आज कुणाला दिसला नसता. १९३० च्या सुरुवातीला मेक्सिकोच्या सरकारने तिला देशाबाहेर काढलं.  

मराठी वाचकाला अशा माणसांची ओळख वीणा गवाणकर यांनी करून दिली. त्यांचं ‘एक होता कार्व्हर’ घराघरात आहे, शाळांच्या बक्षीस समारंभात ते अजून वाटलं जातं. त्यांनीच खानखोज्यांचं चरित्रही लिहिलं: ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा’. ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. अमेरिकेतले कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांच्या टस्कीगीच्या संस्थेतून १९०६ मध्ये एक घोडागाडी निघाली होती. तीत अवजारं, बियाणं आणि खतांचे नमुने असत, आणि ती शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभी राही. शेतकरी शाळेत येत नाही तर शाळाच शेतकऱ्याकडे जाते. कार्व्हर गुलामीत जन्मलेला, खानखोजे गुलाम देशात. दोघांनीही ज्ञान बांधावर नेलं. दुसऱ्या पुस्तकाचा खप पहिल्याइतका झाला नाही, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे, कारण हा दुसरा माणूस आपल्या पाण्यावर वाढलेला होता.

बाहेरून आलेल्या माणसाने शाळा काढावी, हे वाशिमला नवं नाही. १९१८ मध्ये कारंज्याला महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला, तो काढणारे देवचंद शहा सोलापूरकडचे. पुढे ते समंतभद्र महाराज म्हणून ओळखले गेले आणि कुंभोजजवळच्या बाहुबलीचं गुरुकुलही त्यांनीच उभं केलं. त्याहून मागे गेलं तर हे वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. संस्कृत कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं ते याच वत्सगुल्मात. विद्येचं सासर म्हणा की माहेर, गावाला मान जुना आहे.

आणि आजही मराठी माणसं परदेशात शाळा काढतच आहेत. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ ची. तिच्या छत्राखाली गावोगाव मराठी शाळा भरतात, शनिवारी किंवा रविवारी, कुठे देवळाच्या खोलीत, कुठे भाड्याच्या वर्गात, कुठे कुणाच्या तळघरात. शिकवणारे आठवडाभर आपापली नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी खडू धरतात. बहुतेक जण पगार घेत नाहीत. तिथे वाढणाऱ्या मुलाला ‘ळ’ उच्चारायला महिने लागतात. ‘तो पंखा’ पण ‘ते कपाट’ आणि ‘ती खुर्ची’ का, या प्रश्नाला शिकवणाऱ्या मावशींकडे उत्तर नसतं, पुस्तकातही नसतं. त्या म्हणतात, कानाला बरं वाटेपर्यंत म्हणत राहा. आपली मुलं आपल्या भाषेत राहावीत म्हणून चाललेलं हे काम मोलाचंच आहे. खानखोज्यांची वाट वेगळी होती एवढंच: त्यांनी परक्या शेतकऱ्यांसाठी, परक्यांच्या भाषेत, परक्यांच्या पिकावर शाळा काढली. त्यासाठी स्वतःच्या तोंडातली मराठी त्यांना कित्येक वर्षं बाजूला ठेवावी लागली. तिकडे मराठीत बोलायला होतं कोण?

१९३६ मध्ये त्यांनी झान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. थोरलीचं नाव ठेवलं सावित्री. याच सावित्री सहानींनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलीला हे नाव देताना बापाच्या मनात काय आलं असेल, ते कुठल्याही पटकथाकाराला सुचायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत सरकारने त्यांना शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं. पण नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत होतं आणि ती यादी राज्य बदललं तरी लगेच फाटली नव्हती. परतीच्या परवानगीला आधी नकार मिळाला, मग तो मागे घेतला गेला. ज्या देशासाठी चाळीस वर्षं वनवास घेतला, त्याच्या दारात असं उभं राहावं लागणं, हा प्रसंग चित्रपटात यायलाच हवा, तोही आरडाओरड न करता: एक टेबल, एक अर्ज, एक शिक्का आणि पासष्टीच्या घरातला एक माणूस.

१९५५ मध्ये ते कायमचे नागपूरला आले. देशाचे कृषिमंत्री तेव्हा पंजाबराव देशमुख होते, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. एवढी जवळची दोन माणसं, दोघांनाही शेतकऱ्याच्या शिक्षणाचं वेड. तरीही खानखोज्यांच्या शाळांसारखी गावोगावची मोकळी शेतीशाळा विदर्भात तेव्हा उभी राहिली नाही. मेक्सिकोच्या ओकोपुल्कोला जे मिळालं, ते रिसोड-मानोऱ्याच्या गावाला त्या काळी मिळालं असतं तर? पुढे अकोल्याला पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ झालं ते १९६९ मध्ये. तोवर खानखोजे हयात नव्हते.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. लेर्मा रोहो आणि सोनोरा ही ती वाणं. पंजाबचं शेत त्यांनी बदलून टाकलं. त्यामागचं काम नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. ते खानखोज्यांच्या नावावर टाकणं हा त्यांच्यावरही अन्याय होईल आणि सत्यावरही. पण ज्या देशाच्या मातीत गव्हाच्या आणि मक्याच्या वाणांवर राबण्यात खानखोज्यांचं उमेदीचं वय गेलं, त्याच देशाचं धान्य बोटींनी भारताच्या बंदरात उतरलं, तेव्हा ते नागपुरात होते, ऐंशी ओलांडलेले. जानेवारी १९६७ मध्ये ते गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये मेक्सिकोत चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. लोकसभेचे अध्यक्ष त्याच्या अनावरणाला गेले होते.

मराठी चित्रपटाने आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियापर्यंत नेऊन आणलं, फाळक्यांना लंडनला नेलं. आशुतोष गोवारीकरांनी ‘स्वदेस’मध्ये उलटा प्रवास दाखवला, तिथे परदेशातून आलेला इंजिनिअर शाळेसाठी दारोदार फिरून मुलं गोळा करतो. तेव्हा खानखोज्यांना पडद्यावर आणायला हिंमत कमी पडेल असं नाही. पैसा लागेल हे खरं. मेक्सिकोत जाऊन चित्रीकरण परवडणार नसेल, तर निम्मं काम इथे होऊ शकतं, कारण त्या देशाचं शेत आपल्याकडे केव्हाच आलेलं आहे. आपला मका तिथला. मिरची तिथली. आज वाशिमच्या काळ्या रानात जो लांब धाग्याचा कापूस उभा असतो, त्याचं मूळही मेक्सिकोकडचंच.

शेजारच्या देऊळगाव राजाकडे हंगामात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाचे शेडनेट उभे असतात. संध्याकाळी बायका हातात बारीक चिमटा घेऊन ओळीत बसतात. उमलायच्या बेतात असलेली कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायची, पाकळ्या उकलायच्या, आतले पुंकेसर एकेक करून काढून टाकायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, आणि खुणेला दोरा बांधायचा. सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग आणून त्या टोकाला लावायचा. कुणी सातवी शिकलेली, कुणी शाळेचं तोंड न पाहिलेली. शेजारी पाटीत झोपलेलं बाळ. त्या बाईला ही विद्या कुणी शिकवली, असं विचारलं तर ती मागच्या ओळीतल्या बाईकडे बोट दाखवते. कॅमेरा इथून सुरू व्हावा. ती कळी, तो चिमटा, तो दोरा. आणि मग हळूच चापिंगोतलं एक कणीस, त्यावरची कागदाची पिशवी, आणि तीवर पेन्सिलीने तारीख लिहिणारा वर्ध्याचा एक सावळा हात.